माळकऱ्याची भवानी

धनेशच्या गळ्यात तुळशीची माळ आणि कमरेला कत्तलखान्याची किल्ली. या जोडीवर पेणमधले लोक इतके हसले, इतके हसले, की शेवटी त्यांनाच कंटाळा आला आणि माणूस चांगला आहे असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? घर रोह्याकडचं, भाताचं आणि वालाचं. आजा माळकरी, बाप बाबाजी माळकरी, घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. पालिकेत मार्केट इन्स्पेक्टरची जागा निघाली तेव्हा धनेशला वाटलं, मार्केट म्हणजे भाजीपाला. भेंडी मोडून बघायची, पावत्या फाडायच्या, झालं. हजर झाला त्या दिवशी हेडक्लार्कने समजावलं की ही खुर्ची इंग्रजांच्या राज्यापासून अशीच आहे. तिच्यावर बसणाऱ्याने दूध, मटण आणि मासळी बघायची. "भाजी बघायला दुसरा माणूस हाय," हेडक्लार्क म्हणाला. "तो मासे खातो."

सरकारी नोकरी काय सोडायची असते होय? धनेश चिकटला. सकाळी गवळ्यांच्या किटल्यांत नळी बुडवून पाणी पकडायला तो पटकन शिकला. कत्तलखान्यात मात्र पंचाईत. बकऱ्याच्या अंगावर निळा शिक्का मारताना तो डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घ्यायचा. एकदा तो शिक्का जगन खाटकाच्या बनियनवर बसला आणि जगन दिवसभर "मी पास झालो, मी पास झालो" करत बाजारात हिंडला. बाबाजींना धनेशने दुधाचं तेवढं सांगितलं होतं. बाकीचं त्यांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

आणि मग त्याचं लग्न झालं. सगुणा खाडीकडची. बाप मिठागरावर, आई मासळी विकणारी, आणि पोरगी अशी की हसायला लागली तर शेजारची माणसं कारण न कळता हसत सुटायची. बोलणी झाली तेव्हा बाबाजींनी एकच अट घातली, घरात मासळी शिजायची नाही. सगुणा "बरं" म्हणाली. एवढंच म्हणाली. धनेश त्या "बरं"वर इतका खूश झाला की त्यात काय काय आलं याचा त्याने विचारच केला नाही. त्या पोरीपायी तो वेडा झाला होता हो, सरळ सांगायचं तर. ऑफिस सुटलं की सायकलवरून असा सुटायचा की स्टँडवरचे रिक्षावाले वाट मोकळी करून द्यायचे.

तर अशा या सुखात काडी पडली ती नव्या मासळी बाजाराची.

दिवाळीनंतर पालिकेने बाजार बांधला. सिमेंटचे ओटे, वर पत्रे, मध्ये नळ. मासळीवाल्या सकाळी आत यायच्या, पाट्या मांडायच्या, आणि तासाभरात सगळ्या उठून परत रस्त्यावर! कुठे, तर थेट गणपतीच्या कारखान्यासमोर. मासळीमागे मांजरं आली, मांजरांना कारखान्यातली सावली आवडली, आणि एके दिवशी ओल्या रंगाच्या गणपतींच्या ओळीवरून मांजराची पावलं उमटली. लंबोदराच्या पोटावर, सोंडेवर, एकाच्या तर मुकुटावर. कारखानदार थेट पालिकेत गेला आणि त्याने बाजार समितीच्या सभापतींच्या टेबलावर तो मुकुट ठेवला.

सभापतींनी धनेशला बोलावलं. "बुधवारी अलिबागहून मोठे साहेब बाजार बघायला येणार. बाया ओट्यांवर दिसल्या पायजेत. नाय दिसल्या तर तू जकात नाक्यावर. कायमची रातपाळी."

रातपाळी! म्हणजे सगुणा जागी तेव्हा हा झोपलेला, आणि हा जागा तेव्हा नाक्यावर ट्रकवाल्यांची तोंडं बघत बसलेला. लग्नाला सहा महिने झाले नाहीत आणि नवराबायकोने दारात एकमेकांना "येतो" आणि "आलात" एवढंच म्हणायचं? छे! त्यापेक्षा कत्तलखाना बरा.

त्याने काय नाही केलं? पाणी कमी पडतं म्हणाल्या, दुसरा नळ लावला. अंधार आहे म्हणाल्या, दिवा लावला. ओटा उंच आहे म्हणाल्या, पायरी केली. बाया पायरी चढून आत यायच्या, दिव्याखाली बसायच्या, नव्या नळावर हात धुवायच्या आणि उठून रस्त्यावर. धनेशने शिट्टी विकत घेतली. शिट्टी फुंकत मागे पळायचा तर मांजरं तेवढी घाबरायची.

"अगो हौसामावशे, का जाता बाहेर?" त्याने एकदा हात जोडून विचारलं. हौसा म्हणजे सगळ्यांत मोठी, जिताडा विकणारी, आणि तिच्यापुढे बोलायची बाजारात कोणाची टाप नव्हती.

हौसाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुला म्हाईत," म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन चालती झाली.

आता मला काय माहीत! मंगळवारी दिवेलागणीला भाकरी पुढ्यात घेऊन धनेश हेच सगुणाला सांगत बसला होता. चेहरा असा पडलेला की वालाचं बिरडं निवून गेलं तरी त्याला पत्ता नाही. "उद्या साहेब. परवापासून मी नाक्यावर. तू एकटी इथं काय करशील?"

सगुणाने ताटात आणखी बिरडं वाढलं. "तुमी सकाळी जाऊन नेमकं करता काय?"

"तपासतो."

"कसं? दाखवा."

धनेशने भाकरी उचलली. तिची कड वर करून आत बघितलं, हे कल्ले. अंगठ्याने दाबली. नाकाजवळ नेली, तोंड वाकडं केलं, परत ताटात ठेवली. "असं. ठीक म्हणतो आणि पुढच्या पाटीकडं जातो."

"सगळ्यांच्या पाट्यांना हात लावता?"

"सगळ्यांच्या. अगदी पाट्या उतरल्या उतरल्या. सडका माल विकून झाल्यावर तपासून काय उपयोग?"

"गिऱ्हाईक यायच्या आधी?"

"तर!"

"आणि घेत काय नाय?"

"मी? म्हावरं? गळ्यात माळ हाय माझ्या!"

सगुणाने पदर तोंडाला लावला. मग पदर सुटला. मग ती जी हसायला लागली ती भिंतीला टेकली, भिंतीवरून खाली घसरली, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. शेजारच्या विमाएजंटाच्या घरातूनही हसण्याचा आवाज आला. धनेश तांब्या घेऊन उभा.

"अवो," ती कशीबशी म्हणाली, "तुमी रोज सगळ्या बाजाराची भवानी मोडता!"

भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री, हे काय धनेशला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. बाबाजी वालाच्या गोणी घेऊन रोह्याच्या बाजारात बसायचे तेव्हा पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाहीत, घाट्याने का होईना, देऊन टाकायचे. "पण मी गिऱ्हाईक कुठं हाय?" तो ओरडला. "मी इन्स्पेक्टर हाय!"

"ते म्हावऱ्याला काय ठाव?" सगुणा डोळे पुसत म्हणाली. "पाटीला पयला हात ज्याचा तो गिऱ्हाईक. त्यानं हात लावला, वास घेतला, नाक मुरडलं आणि गेला, की भवानी मोडली. मग त्या जागेवर दिवसभर काय विकत नाय. माझी आय असंच करायची, पाटी उचलायची आणि दुसरीकडं जाऊन बसायची. जागा बदलली की दोष तिथंच ऱ्हातो. त्या बाया रोज तुमच्यापासून पळतात हो. त्यांना वाटत असेल, हा मुद्दाम करतो."

धनेश मट्कन खाली बसला. दोन नळ, एक दिवा, एक पायरी, एक शिट्टी! मग त्यालाही हसू फुटलं आणि दोघं हसत बसली. उपाय तर सोपाच निघाला. उद्या हात मागे बांधून उभं राहायचं. कशाला शिवायचं नाही. गिऱ्हाईक येईल, भवानी होईल, बाया बसतील, साहेब बघतील, रातपाळी गेली खड्ड्यात.

बुधवारी सकाळी सगळं असं जमून आलं की धनेशला नाचावंसं वाटलं. बाया ओट्यांवर बसल्या. धनेश लांब नळापाशी, हात पाठीमागे. हौसाने त्याच्याकडे संशयाने बघितलं. तो हसला. तिने जिताडा पाण्याचा हबका मारून चकचकीत केला. आता फक्त गिऱ्हाइकं यायची, की झालं.

आणि आधी जीप आली.

साहेब ठरल्या वेळेच्या आधीच आले! मूळचे घाटावरचे, पण अलिबागला बदली झाल्यापासून मासळीचा नाद लागलेला, आणि नवा नाद लागलेल्या माणसाइतकं उत्साही कोणी नसतं. जीपमधून उतरता उतरताच ते बाह्या सरसावत होते. "हार वगैरे नंतर," ते सभापतींना म्हणाले, "आधी मासळी बघू. मला कल्ल्यावरून ताजी ओळखता येते." आणि सरळ हौसाच्या पाटीकडे निघाले, हात पुढे करून.

हौसाचा चेहरा बदलला. तिने शेजारणीकडे बघितलं. शेजारीण पाटीवर फडकं टाकायला लागली. ओट्याच्या पार टोकाला विमलबाई उठून उभीसुद्धा राहिली. धनेशला सगळं दिसलं: साहेबांचा हात लागणार, साहेब काही घेणार नाहीत, सगळ्याजणी पाट्या उचलून साहेबांच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर, कारखान्यासमोर, मांजरांत. आणि नाका. आणि सगुणा दारात "आलात" म्हणणारी.

"थांबा साहेब!" धनेश धावला. साहेबांच्या हाताखालून त्याने मुंडी घातली आणि दोन्ही हातांनी जिताडा उचलून छातीशी धरला. "मी गिऱ्हाईक हाय! आधी मी आलोय!"

खिशातली नोट हौसाच्या हातात पडली. हौसाने एकवार त्याच्याकडे बघितलं, नोट कपाळाला लावली, पाटीला लावली. आणि हसली. बाजारात हौसाला हसताना कोणी बघितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, हा जिताडा तुमचा, पण ही कोलंबी बघू या," आणि पुढच्या पाटीकडे वळले. धनेशने उडी मारली. कोलंबी घेतली. साहेब पुढे, तर धनेश त्यांच्या पुढे. साहेबांना आता गंमत वाटायला लागली, ते भराभर चालायला लागले. धनेश पळायला लागला. बोंबील! पैसे, कपाळ, पाटी. बोय! पैसे, कपाळ, पाटी. बाया ओट्यांवर उभ्या राहून ओरडायला लागल्या, "पळ रं माळकऱ्या, पळ! साहेब आला, साहेब आला!" चिंबोरीने त्याच्या बाहीला नांगी लावली आणि ती बाहीला लोंबकळत पुढे आली. सभापती हार हातात धरून मागे धावत होते आणि "अरे काय, अरे काय" एवढंच म्हणत होते.

राहिली विमलबाई. तिच्या टोपात निवट्या, खाजणाच्या चिखलातल्या, जिवंत, टणाटण उड्या मारणाऱ्या. साहेबांचा हात टोपापासून वीतभर. धनेशने खिशात हात घातला. खिसा रिकामा! कमरेला हात घातला. कत्तलखान्याची किल्ली. ती कशी देणार?

"उधारीनं भवानी व्हत नाय हां," विमलबाई म्हणाली.

धनेशने गळ्यातली शिट्टी ओढून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. विमलबाईने क्षणभर विचार केला. मग शिट्टी कपाळाला लावली, टोपाला लावली आणि तोंडात धरून अशी फुंकली की पत्र्यावरचे कावळे उडाले. निवट्या त्याच्या ओंजळीत ओतल्या. एक उडाली ती सभापतींच्या हारात जाऊन बसली.

साहेब ओट्याला टेकून धापा टाकत होते. त्यांचं लक्ष धनेशच्या गळ्याकडे गेलं. "अहो, तुमच्या गळ्यात माळ आहे ना?"

"व्हय साहेब."

"आणि मासे खाता?"

"नाय साहेब. भवानी केली. ह्यांची भवानी झाल्याशिवाय कोणी हात लावून रिकामं गेलं तर ह्या बसत नाहीत." आणि मग त्याने, छातीशी जिताडा, बाहीला चिंबोरी अशा अवस्थेत, आपलीच सगळी फजिती साहेबांना सांगून टाकली. नळ, दिवा, पायरी, सगळी.

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, नव्या नळाचं. मग त्यांनी स्वतः कोलंबी घेतली, ड्रायव्हरला बोंबील घ्यायला लावले, आणि सभापतींना म्हणाले, "ह्या माणसाला इथून हलवू नका. असा इन्स्पेक्टर बाजाराला परत मिळायचा नाही." सभापती म्हणाले, "छे, छे, हलवतोय कोण!" आणि हारातली निवटी हळूच काढून टाकली.

रातपाळी टळली! धनेश हवेत होता. पण हातातल्या मासळीचं काय? त्याने सगळी हौसापुढे धरली. "मावशे, ही वाटून टाक कोणाला."

"वाटून?" हौसाने डोळे वटारले. "भवानीचं म्हावरं दुसऱ्याला देत नाय. ज्यानं भवानी केली त्याच्या घरी शिजाया पायजे. व्हय का गो बायांनो?"

"व्हय, व्हय!" सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या. जरा जास्तच एका सुरात. विमलबाईने वर शिट्टी फुंकली.

"आणि सगुणाला सांग, निवट्यांना चिंच थोडी जास्त लागते," हौसा म्हणाली. "तिच्या आयला मी वळखते."

धनेश घराकडे निघाला तो तरंगतच. वळणावर त्याला आठवलं, आज रोह्याच्या गाडीने बाबाजी येणार होते. आणि तरंगणं संपलं.

बाबाजी आलेच होते. अंगणात खाटेवर बसून वालाच्या शेंगा निवडत होते. समोर पोरगा उभा, दोन्ही हातांत मासळी, शर्टाला खवले, बाहीला अजून ती चिंबोरी. दारात सगुणा. तिने तोंडावर हात ठेवला होता, आणि या वेळी ती हसत नव्हती.

"धनेश," बाबाजी हळू आवाजात म्हणाले, "हे काय हाय?"

"भवानी, आबा."

मग धनेशने सगळं सांगितलं. दुधाखेरीज आणखी काय काय बघतो तेही सांगून टाकलं, आता लपवायचं काय राहिलं होतं? बाबाजी ऐकत होते आणि शेंग हातात तशीच होती. कत्तलखान्याचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. भवानीचं आलं तेव्हा उघडले. शेवटी म्हणाले, "ज्यानं केली त्याच्या घरी शिजाया पायजे, असं म्हणाल्या?"

"व्हय आबा."

बाबाजींनी सगुणाकडे बघितलं. "खरं का गो, सूनबाई? तुमच्यात असं हाय?"

सगुणा खोटं बोलणारी नव्हती. तिने असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. ती धनेशकडे बघत राहिली, मग जिताड्याकडे. बाबाजींनी तिचं ते बघणं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शेंग टोपलीत टाकली.

"भवानी मोडायची नाय," ते म्हणाले. "पन्नास वर्सं बाजारात बसलो, कोणाची मोडली नाय. घराच्या आत नको. मागच्या पडवीत चूल मांड. भांडी येगळी." आणि खाट उचलून ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

दुपारी पडवीत तीन दगडांवर कालवण रटरटलं. सगुणा जेवायला बसली, ताट मांडीवर घेऊन. धनेश समोर आपली भाकरी आणि बिरडं घेऊन बसला. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग ती जेवली. कोणाशी बोलली नाही, इकडेतिकडे बघितलं नाही, हसली नाही. काटा न् काटा चोखून बाजूला ठेवला, निवट्यांचा रस्सा बोटांनी निपटला. इतके महिने धनेश रोज तिला जेवताना बघत होता, आणि आज त्याला कळलं की ती आजच पोटभर जेवतेय. त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"सगुणा," तो म्हणाला, "तू कधी बोलली का नायस?"

"तुमी कवा इचारलंत?" ती म्हणाली. रागाने नाही. ताट पुसता पुसता, सहज.

धनेशने आपला तांब्या तिच्यापुढे सरकवला. ती पाणी प्यायली, त्याच्या शर्टावरचा एक खवला नखाने काढला आणि तिला एकदम हसू फुटलं, कालचंच, मोठं. शेजारच्या घरातही कोणीतरी हसलं.

तेवढ्यात वारा फिरला. अंगणातून खाट ओढल्याचा आवाज आला, आधी चिंचेखाली, मग विहिरीपाशी, मग पार रस्त्याच्या कडेला. आणि तिथून बाबाजींची हाक आली.

"धनेश! उद्या कुणाची भवानी हाय ते आधीच सांग रे. म्हणजे मी खाट सकाळीच इकडं आणून ठेवीन."